पासवर्ड नसलेलं अ‍ॅडमिन खातं कसं सुरक्षित करायचं: इंदूरच्या घरांसाठी आणि दुकानांसाठी

आर. एन. टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून जुना लॅपटॉप घेतला किंवा घरचा कॉम्प्युटर फॉरमॅट मारून आणला, की तो बहुधा एकाच अवस्थेत घरी येतो. बटण दाबलं की काहीही न विचारता थेट डेस्कटॉप समोर. खात्याचं नाव 'एचपी', 'यूजर', 'पीसी', नाहीतर नुसतंच 'अ‍ॅडमिन'. विंडोज टाकून देणाऱ्याकडे मशीनांची रांग लागलेली असते. गिऱ्हाइकाला पासवर्ड विचारत बसायला त्याला सवड नसते, म्हणून तो पासवर्डची चौकट रिकामी सोडून पुढे जातो. आपल्यालाही ते सोयीचं वाटतं आणि मशीन वर्षानुवर्षं तसंच चालू राहतं.

हा लेख अशा मशीनसाठी आहे. विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे. तांत्रिक ज्ञान लागत नाही. एक मोकळी दुपार, एक कागद आणि पेन लागेल. कमांड आणि बटणांची नावं मी देवनागरीत दिली आहेत, पण स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील आणि टाइपही इंग्रजी अक्षरांतच करायची आहेत.

उघडं काय पडतं

रामबागेतल्या एका काकूंनी मला सरळ विचारलं होतं, "अहो, आमच्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?" प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

क्रोममध्ये तुम्ही साठवलेले पासवर्ड कुणी उघडून बघायला गेलं, की क्रोम आधी विंडोजचा पासवर्ड मागतो. विंडोजलाच पासवर्ड नसेल तर मागायला काही उरत नाही आणि बँकेपासून ईमेलपर्यंतची सगळी यादी समोर उघडते. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये समग्र आयडी, पॅन आणि ई-आधारची पीडीएफ पडलेली असते. ई-आधारला पासवर्ड असतो हे खरं, पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल. घरी येणाऱ्या कुणालाही तो जुळवता येईल. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप वेब बहुतेक ठिकाणी कायम उघडंच असतं.

दुसरी बाजू अ‍ॅडमिन या हक्काची आहे. अ‍ॅडमिन खात्यातून नवं सॉफ्टवेअर टाकता येतं, अँटिव्हायरस बंद करता येतो, दुसऱ्यांची खाती आणि त्यांचे पासवर्ड बदलता येतात, त्यांच्या फायली उघडता येतात. त्यासाठी वाईट हेतूचं माणूसच हवं असं नाही. ट्यूशनला आलेल्या मुलाने फुकटचा गेम म्हणून काहीतरी उतरवलं आणि समोर आलेल्या प्रश्नाला 'यस' केलं, तरी तेवढ्याने काम बिघडतं. अ‍ॅडमिनमध्ये बसलेल्या माणसाला विंडोज फक्त 'यस की नो' विचारतं. साध्या खात्यात बसलेल्याला मात्र अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतं, आणि तो पासवर्डच रिकामा असेल तर त्या मागण्याला काही अर्थ उरत नाही.

म्हणजे कामं दोन आहेत. अ‍ॅडमिनला खरा पासवर्ड द्यायचा, आणि रोजच्या कामासाठी अ‍ॅडमिनमध्ये बसणं सोडायचं. बरेच जण पहिलं करतात आणि दुसरं सोडतात. माझ्या मते दुसरं जास्त उपयोगाचं आहे.

'१२३४' टाकण्याआधी हे वाचा

विंडोज एक्सपीपासून मायक्रोसॉफ्टने एक अट घालून ठेवली आहे: ज्या खात्याला पासवर्ड नाही, त्यातून फक्त मशीनसमोर बसूनच आत जाता येतं. नेटवर्कवरून किंवा रिमोट डेस्कटॉपने (दुसरीकडे बसून हे मशीन चालवायच्या सोयीने) त्या खात्यात शिरता येत नाही. तुम्ही 'कुठलातरी असावा' म्हणून '१२३४' किंवा 'अ‍ॅडमिन@१२३' टाकला, की त्या खात्यापुरती ही अट उठते. शेअरिंग किंवा रिमोट डेस्कटॉप चालू असेल तर ते खातं आता नेटवर्कवरून आजमावता येतं, आणि असे पासवर्ड तर सगळ्यात आधी आजमावले जातात. २००८ साली पसरलेला कॉनफिकर नावाचा व्हायरस नेमकं हेच करायचा. त्याच्यासोबत सोप्या पासवर्डांची एक यादी होती. नेटवर्कवरच्या शेजारच्या मशीनच्या अ‍ॅडमिनवर ती एकेक करून लावायची आणि उघडलं की तिथे स्वतःची प्रत टाकायची.

म्हणून कमजोर पासवर्ड ही मधली पायरी समजू नका. नेटवर्कच्या दृष्टीने तो रिकाम्यापेक्षा वाईट ठरू शकतो. टाकायचा तर खणखणीत टाका.

खणखणीत म्हणजे चिन्हांची खिचडी नव्हे, लांबी. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द घ्या आणि रोमन लिपीत लिहा: 'पितळ', 'टांगा', 'जांभूळ', 'गिलावा' असे काहीही. मध्ये एखादा आकडा घाला. अशी वीसेक अक्षरं लक्षात राहतात आणि यंत्राला ओळखायला अवघड जातात. हे चार मात्र वापरू नका, ते आता छापून झाले आहेत. आरतीची किंवा प्रसिद्ध अभंगाची ओळ, मुलांची नावं, गाडीचा नंबर, 'इंदूर' आणि पिनकोड, हे सगळं टाळा. दर महिन्याला बदलायची गरज नाही. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक ठरवणाऱ्या संस्थेनेही २०१७ पासून सक्तीने पासवर्ड बदलायला लावू नका असंच सांगितलं आहे, कारण माणसं शेवटचा आकडा एकने वाढवतात, दुसरं काही करत नाहीत.

पासवर्ड आधी कागदावर लिहा. मग नोटपॅड उघडून एकदा टाइप करून बघा. ही पायरी वगळू नका. मशीनवर मराठी किंवा हिंदी कीबोर्डही घातलेला असेल, तर चौकटीत ठिपकेच दिसत असल्यामुळे आपण कुठल्या लिपीत लिहितोय ते कळत नाही. इंग्रजी कीबोर्ड निवडलेला आहे याची खात्री करा. लॉगिनच्या स्क्रीनवर भाषेची खूण उजव्या कोपऱ्यात खाली असते; पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा म्हणाला तर आधी तिकडे बघा. नोटपॅडमधलं नंतर सेव्ह न करता पुसून टाका.

कागद मॉनिटरला चिकटवू नका. पासबुकं आणि घराची कागदपत्रं जिथे असतात तिथे, बंद पाकिटात ठेवा आणि घरातल्या आणखी एका माणसाला ती जागा सांगा. ज्याला एकट्याला पासवर्ड माहीत आहे तोच दवाखान्यात असेल, तर विम्याचे कागद त्याच मशीनमध्ये अडकून बसतात. असं झालेलं मी जवळून बघितलं आहे.

मशीनवर कोण कोण आहे

स्टार्टमध्ये 'कंट्रोल पॅनेल' लिहून ते उघडा. त्यात यूजर अकाउंट्स, आणि तिथे 'मॅनेज अनदर अकाउंट'. मशीनवरची खाती चौकोनांत मांडलेली दिसतील. नावाखाली बारीक अक्षरांत 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' असेल तर ते अ‍ॅडमिन. ज्याला पासवर्ड आहे त्याच्याखाली 'पासवर्ड प्रोटेक्टेड' असंही लिहिलेलं असतं. हे दोन शब्द जिथे नाहीत ते खातं उघडं. यादी कागदावर उतरवून घ्या.

नवा लॅपटॉप घेताना मायक्रोसॉफ्टचं ईमेल खातं लावलं असेल, तर पासवर्ड आधीच आहे. विंडोज ११ होम पहिल्यापासून तेच मागतं. तुमचं काम मग रोजचं खातं वेगळं करण्यापुरतं उरतं. आपला मुख्य प्रश्न 'लोकल अकाउंट' म्हणवणाऱ्या, म्हणजे ईमेलशिवाय फक्त त्या मशीनपुरत्या असलेल्या खात्यांचा आहे.

नवं मालक खातं, आणि जुन्याची पदावनती

इथे बहुतेक मार्गदर्शक सांगतात की रोजच्या कामासाठी नवं साधं खातं बनवा. तसं केलं तर तुमचे फोटो, डेस्कटॉपवरच्या फायली, क्रोमच्या खुणा, प्रिंटरची मांडणी, सगळं जुन्या खात्यात राहतं. मग ते हलवत बसण्यात दिवस जातो, आणि कंटाळून माणूस पुन्हा जुन्या खात्यात जातो. मी नेहमी उलटं करायला सांगतो. नवं खातं अ‍ॅडमिनसाठी बनवायचं आणि जुन्या, भरलेल्या खात्याचे अ‍ॅडमिनचे हक्क काढून घ्यायचे. मग रोजचं घर तेच राहतं, फक्त त्यात राहणारा मालकाऐवजी भाडेकरू होतो: राहायची पूर्ण मुभा, पण भिंत पाडायची असेल तर मालकाला विचारावं लागतं.

क्रम महत्त्वाचा आहे, तो मोडू नका.

सुरुवात करण्याआधी महत्त्वाच्या फायली पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या. नंतर सेटिंग्ज, अकाउंट्स, आणि त्यात विंडोज ११ असेल तर 'अदर यूजर्स', १० असेल तर 'फॅमिली अँड अदर यूजर्स'. 'अ‍ॅड अकाउंट' दाबल्यावर विंडोज ईमेल मागेल. तिथे 'आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन' हा दुवा दाबा, पुढच्या पानावर 'अ‍ॅड अ यूजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट'. आता नाव द्या. 'मालक' चालेल, आडनाव चालेल, 'अ‍ॅडमिन' हे नाव मात्र नको, कारण आंधळेपणाने पासवर्ड आजमावणारे त्याच नावापासून सुरुवात करतात. कागदावरचा पासवर्ड दोनदा भरा. इथे चौकट रिकामी ठेवली तरी विंडोज तक्रार न करता खातं बनवून देतं, आणि रिकामी खाती जन्माला येतात ती इथेच.

पासवर्ड भरताच खाली तीन सुरक्षा प्रश्न उघडतात, आणि ते मला फार खटकतात. पासवर्ड विसरलात तर या प्रश्नांची उत्तरं देऊन कुणीही नवा पासवर्ड लावू शकतो. प्रश्न कोणते? जन्म कुठल्या शहरात झाला. लहानपणीचं टोपणनाव काय. पहिली शाळा कोणती. आई-वडील कुठल्या शहरात भेटले. सगळ्यात मोठ्या चुलत-मावस भावंडाचं नाव काय. आपल्याकडे टोपणनाव म्हणजे बंड्या, बाळ्या, छोटू, आणि ते गल्लीतून मोठ्याने हाक मारून सगळ्यांना माहीत झालेलं असतं. मोठ्या चुलत भावाचं नाव लग्नपत्रिकेवर छापलेलं असतं. लोकमान्य नगरात वाढलेल्या माणसाची पहिली शाळा कुणालाही सांगता येईल. तेव्हा खरी उत्तरं देऊ नका. विंडोज ती तपासत नाही. तुम्ही दिलेलं आणि पुन्हा विचारल्यावर सांगितलेलं जुळतं का एवढंच बघतं. जन्मगाव म्हणून 'गिलावा' लिहा, शाळा म्हणून 'जांभूळ सतरा' लिहा, आणि तेही त्याच कागदावर नोंदवा.

कुठे 'हिंट' मागितली तर तिथेही काळजी घ्या. पासवर्ड चुकला की ती लॉगिनच्या स्क्रीनवर, समोर बसलेल्या कुणालाही दिसते. 'कपाटातलं पाकीट' एवढं पुरे.

तयार झालेलं खातं साधं, म्हणजे 'स्टँडर्ड' असतं. त्याच यादीत त्या खात्यावर जाऊन 'चेंज अकाउंट टाइप' दाबा आणि 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा. आता साइन आउट करा आणि नव्या खात्याने आत जाऊन बघा. पहिल्यांदा डेस्कटॉप तयार व्हायला थोडा वेळ लागतो. आत गेल्यावर कंट्रोल पॅनेलमधली ती यादी उघडून नव्या नावाखाली 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' आणि 'पासवर्ड प्रोटेक्टेड' दोन्ही दिसतायत ना, ते वाचा. दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता जुन्या खात्यात परत या आणि त्यालाही पासवर्ड द्या. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकत्र दाबा, 'चेंज अ पासवर्ड' निवडा, जुन्या पासवर्डची चौकट रिकामीच ठेवा आणि नवा दोनदा भरा. प्रत्येकाने आपला पासवर्ड स्वतःच्या खात्यातून बदलावा, दुसऱ्या अ‍ॅडमिनने बाहेरून 'रीसेट' करू नये. साठवलेले पासवर्ड आणि कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या) फायली ज्या किल्लीने बंद असतात, ती तुमच्या विंडोज पासवर्डाला बांधलेली असते. बाहेरून रीसेट केल्यावर ती जुळत नाही आणि त्या गोष्टी हातच्या जाऊ शकतात.

शेवटी मालक खात्यात जाऊन जुन्या खात्याचा प्रकार 'स्टँडर्ड' करा. मशीन एकदा बंद करून चालू करा, रोजच्या खात्याने आत जा आणि एखादं छोटं सॉफ्टवेअर टाकायचा प्रयत्न करा. विंडोजने मालक खात्याचं नाव दाखवून पासवर्ड मागितला, की काम बरोबर झालं. 'नो' म्हणून बाहेर या.

रोज वीस अक्षरं टाइप करायचा आई-बाबांना त्रास होतो, हे मी प्रत्येक घरात ऐकतो. त्यावर उपाय पिनचा आहे. सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स, तिथे पिन. आधी पासवर्ड असल्याशिवाय पिन लावता येत नाही. पिन त्या एका मशीनपुरता असतो. तो कळला तरी नेटवर्कवरून आत येता येत नाही. रोजच्या खात्याला सहा आकडी पिन चालेल, जन्मतारीख सोडून. मालक खात्याला पिन लावूच नका. अ‍ॅडमिनचा पासवर्ड जिथे मागितला जातो तिथे त्याचा पिनही चालतो, आणि घरातल्या मुलांना तो आठवड्याभरात बघून पाठ होतो.

लपलेला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर

विंडोजमध्ये 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' याच नावाचं एक जन्मजात खातं असतं. एक्सपीच्या होम आवृत्तीत ते पासवर्डशिवाय असायचं आणि सेफ मोडमध्ये कुणालाही उघडता यायचं. २००७ च्या व्हिस्टापासून ते बंद ठेवून दिलं जातं. पण दुरुस्तीच्या वेळी ते चालू केलं जातं आणि तसंच राहून जातं. काही मशीनवर तर रोजचं खातंच ते असतं. ते सगळ्यात धोक्याचं, कारण या खात्याला विंडोज 'यस की नो' एवढंही विचारत नाही.

मालक खात्यातून स्टार्टमध्ये 'सीएमडी' लिहा, उजवं बटण दाबून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा. काळ्या खिडकीत टाइप करा: नेट, स्पेस, यूजर, स्पेस, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. 'अकाउंट अ‍ॅक्टिव्ह' या ओळीपुढे 'नो' असेल तर काही करायचं नाही. 'यस' असेल तर तीच ओळ पुन्हा लिहून पुढे स्पेस, पुढे झुकलेली तिरपी रेघ, आणि तिला चिकटून अ‍ॅक्टिव्ह, कोलन, नो असं लिहा आणि एंटर दाबा. तुम्ही रोज त्याच खात्यात बसत असाल, तर आधी फायली दुसऱ्या खात्यात हलवा; याची पदावनती होत नाही, ते फक्त बंद करता येतं.

त्याच खिडकीत नेट, स्पेस, लोकलग्रुप, स्पेस, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स असं लिहिलं की अ‍ॅडमिन हक्क असलेल्या सगळ्यांची नावं येतात. मालक आणि बंद ठेवलेला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर सोडून तिसरं नाव दिसलं तर ते कुणाचं, हे विचारा.

पासवर्ड असूनही मशीन थेट डेस्कटॉपवर जात असेल, तर कुणीतरी आपोआप लॉगिन लावून ठेवलं आहे. स्टार्टमध्ये 'नेटप्लविझ' (एन, ई, टी, पी, एल, डब्ल्यू, आय, झेड) लिहून ती खिडकी उघडा आणि 'यूजर्स मस्ट एंटर अ यूजर नेम अँड पासवर्ड' यावर टिक करा. उठून जाताना विंडोजचं बटण आणि 'एल' दाबायची सवय लावा.

दुकान, टॅली आणि शेअर केलेला फोल्डर

सियागंजात किंवा कपडा मार्केटमध्ये दोन-तीन मशीन एकमेकांना जोडलेली असतात. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा एका मशीनवर, बाकीची तिथून वाचतात. असल्या दुकानात पासवर्ड टाकायला सगळे घाबरतात, कारण पासवर्ड टाकला आणि शेजारच्या मशीनवर टॅलीतली कंपनीच (दुकानाचं खातंच) उघडेना, असं कुणाचं तरी झालेलं ऐकलेलं असतं. भीती खरी आहे, पण कारण समजून घेतलं तर अडचण दहा मिनिटांची आहे.

आत्ता ते चालतंय कारण 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद ठेवलेलं असतं आणि फोल्डर 'एव्हरीवन'ला पूर्ण उघडा असतो. म्हणजे दुकानाच्या वायफायचा पासवर्ड ज्याला दिला, त्या गिऱ्हाइकालाही तुमचा सगळा हिशेब उघडता येतो आणि पुसताही येतो.

डेटा असलेल्या मशीनवर 'हिशेब' नावाचं एक साधं, अ‍ॅडमिन नसलेलं खातं बनवा, मोठ्या पासवर्डसह. ते सेटिंग्जमधूनच बनवा. कमांडने बनवलेल्या खात्याचा पासवर्ड ४२ दिवसांनी संपतो, आणि कधीतरी भर गर्दीत सगळं बंद पडतं. फोल्डरवर उजवं बटण, प्रॉपर्टीज, शेअरिंग. परवानग्यांतून 'एव्हरीवन' काढा, 'हिशेब'ला वाचायची आणि लिहायची दोन्ही परवानगी द्या. शेजारच्या 'सिक्युरिटी' या पानावरही तेच करा. इथलं विसरलं की फोल्डर दिसतो पण टॅली लिहू शकत नाही. मग नेटवर्क अँड शेअरिंगच्या प्रगत सेटिंग्जमध्ये 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' चालू करा. दुसऱ्या मशीनवर फोल्डर उघडल्यावर नाव आणि पासवर्ड मागितला जाईल. तिथे नुसतं 'हिशेब' न लिहिता डेटाच्या मशीनचं नाव, मागे झुकलेली तिरपी रेघ आणि मग खात्याचं नाव लिहा. खाली 'रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स'वर टिक करा. नंतर पुन्हा विचारणार नाही.

हे काम दुकान बंद असेल त्या दिवशी, डेटाचा बॅकअप घेऊन करा. २० तारखेच्या तोंडावर, जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायच्या धावपळीत मुळीच नको.

एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी अजून एक्सपी किंवा विंडोज ७ चालवत असाल, तर पासवर्ड टाका, पण त्यावर भरवसा ठेवू नका. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली, ७ ची १४ जानेवारी २०२० ला. त्या मशीनची इंटरनेटची तार काढून ठेवणं हाच योग्य मार्ग. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. मशीन ११ घेत असेल तर घ्या.

पासवर्ड कुठे थांबतो

लॉगिनचा पासवर्ड दार अडवतो, डिस्क अडवत नाही. लॅपटॉप चोरीला गेला आणि चोराने डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, किंवा पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम) चालू केलं, तर फायली वाचता येतात. त्यावर उपाय डिस्क कूटबद्ध करण्याचा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्यासाठी बिटलॉकर असतं. होममध्ये, मशीनची तयारी असेल तर सेटिंग्जच्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' दिसतं. चालू करताना ४८ आकडी रिकव्हरी की मिळते. ती छापून त्याच पाकिटात ठेवा. ती हरवली आणि मशीनने मागितली, तर डेटा कुणालाच परत काढता येत नाही, विकणाऱ्यालाही नाही. बॅकअप नसेल तर हे चालू करण्याची घाई करू नका.

अ‍ॅपलच्या मॅकवर पहिल्यांदा खातं बनवतानाच पासवर्ड मागितला जातो, तरी तिथेही एकदा मोठी चूक निघाली होती: नोव्हेंबर २०१७ मध्ये हाय सिएरा या आवृत्तीत 'रूट' (तिथलं सर्वाधिकारी खातं) हे नाव लिहून पासवर्ड रिकामा ठेवला तरी अ‍ॅडमिन म्हणून आत जाता येत होतं. बोभाटा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी अ‍ॅपलने दुरुस्ती पाठवली. तेव्हा अपडेट टाळू नका. उबंटू या लिनक्सच्या प्रकारात रूट खातं मुळात कुलूपबंद असतं, त्याला हात लावायची गरज नाही.

मशीन दुरुस्तीला देताना स्क्रीन, बॅटरी किंवा कीबोर्ड बदलायचा असेल, तर पासवर्ड द्यायची गरज नसते. तसं स्पष्ट सांगा. तपासून बघायला आत जावं लागणार असेल तर 'रिपेअर' नावाचं साधं खातं बनवून त्याचा पासवर्ड द्या. अ‍ॅडमिनच हवं असेल, तर आधी मालक खात्याला तात्पुरता पासवर्ड लावा. मशीन घरी आलं की तो बदला आणि 'लोकलग्रुप'ची यादी पुन्हा काढून बघा.

मशीन बरीच वर्षं उघडं होतं असं लक्षात आलं, तर सगळं वरचं करून झाल्यावर क्रोममध्ये साठवलेले बँकेचे आणि ईमेलचे पासवर्डही बदला, आधी नाही. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

राउटर आणि कॅमेऱ्याचा डीव्हीआर

वायफाय देणारा राउटर आणि कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, हेही कॉम्प्युटरच आहेत, आणि यांनाही अ‍ॅडमिन खातं असतं. फॅक्टरीतून येताना पासवर्ड 'अ‍ॅडमिन' असतो किंवा नसतोच. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर अशाच नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या लावून ताब्यात घेतले. त्या यादीतल्या काही जोड्यांत पासवर्ड रिकामाच होता.

राउटरच्या तळाला चिकटवलेल्या पट्टीवर पत्ता आणि लॉगिन लिहिलेलं असतं. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाका, आत जा आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा; दोन्ही एक ठेवू नका. 'रिमोट मॅनेजमेंट' चालू असेल तर बंद करा. सराफ्यातल्या दुकानांत कॅमेरे बसवणारा एकच पासवर्ड सगळ्या गिऱ्हाइकांकडे लावून जातो, म्हणून डीव्हीआरच्या मेनूत यूजर मॅनेजमेंट उघडून तो बदला आणि तिथे दुसरं कुठलं खातं आहे का ते बघा. मग मोबाइलवरच्या कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमधून बाहेर पडून जुन्या पासवर्डने पुन्हा लॉगिन करून पाहा. त्याने नाही म्हटलं पाहिजे.